चोराची पाठ आणि भंगाराचा काटा

ईको व्हॅनचा सायलेन्सर, ट्रॅक्टरची बॅटरी, विहिरीवरच्या मोटारीची केबल, तुषार संचाचे नोझल. यातलं एकही कधी चोरीला गेलं नाही, असं गाव यवतमाळ-वाशीम-अमरावतीच्या पट्ट्यात आता शोधूनच काढावं लागेल. चोरी झाली की दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर आणि गावाच्या व्हॉट्सॲपवर तोच वाद पेटतो. एक पक्ष म्हणतो, ‘सापडला त जागेवरच ठोकाले पाह्यजे, पोलिसाच्या भरवशावर काय राह्यता?’ दुसरा पक्ष, म्हणजे बहुतेक गुरुजी, वकील किंवा शहरातून सुटीवर आलेला मुलगा, सांगतो की कायदा हातात घेऊ नका. मग कोणीतरी विचारतं, ‘मंग चोराची आरती करू का?’ आणि वाद तिथंच अडकतो. माझ्या मते या दोन्ही पक्षांनी कायदा उघडून पाहिलेला नाही. चोरापुढे मालकाचे हात बांधलेले आहेत असं दोघांनीही गृहीत धरलंय. पहिल्याला त्याचा राग येतो आणि दुसऱ्याला ते सुसंस्कृतपणाचं लक्षण वाटतं, एवढाच काय तो फरक.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आपला माल राखायला कायद्यानं मालकाला पुरेसा, किंबहुना बहुतेकांना वाटतो त्यापेक्षा बराच जास्त अधिकार दिलेला आहे. माल हातून टाकून चोर पाठ फिरवतो तिथं तो अधिकार संपतो, आणि तिथंच संपायला हवा. ती रेषा पुढे सरकवून एकही सायलेन्सर वाचणार नाही. चोरी जिथं थांबवता येईल ती जागा वावराच्या धुऱ्यावर नसून भंगाराच्या काट्यावर आहे, आणि तिकडे या वादातलं कोणीच पाहत नाही.

आधी कायदा पाहू. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिची कलमं ३४ ते ४४ खासगी बचावाच्या अधिकाराबद्दल आहेत. जुन्या भारतीय दंड संहितेत हीच कलमं ९६ ते १०६ या आकड्यांनी होती. पहिलंच कलम सांगतं की या अधिकारात केलेलं कोणतंही कृत्य गुन्हाच ठरत नाही. शिक्षेत सवलत मिळेल असं ते म्हणत नाही, गुन्हाच नाही असं म्हणतं. तेव्हा ‘कायदा हातात घेऊ नका’ या उपदेशाला अर्थ किती उरतो? कायद्यानं काठी मालकाच्या हातात आपणहून दिलेली आहे. यामागचा इतिहासही मजेशीर आहे. मेकॉलेच्या आयोगानं १८३७ मध्ये दंड संहितेचा मसुदा तयार केला, तेव्हा टिपणात लिहून ठेवलं की हिंदुस्थानातले लोक दरोडेखोरांचे अत्याचार ज्या मुकाटपणे सोसतात ते पाहून निराशा वाटते, आणि म्हणून बचावाच्या अधिकारावर बंधनं वाढवण्यापेक्षा लोकांच्या अंगात धमक यावी असंच आम्हाला वाटतं. राज्यकर्त्या साहेबाला प्रजेच्या धमकेचं एवढं कौतुक कशासाठी होतं, याचा हिशेब ज्यानं त्यानं करावा. पण १८६० साली मंजूर होऊन १८६२ पासून लागू झालेली ती कलमं मालकाच्या बाजूनं झुकलेली होती, आणि आजची त्यांचीच मुलं आहेत.

कलम ४१ म्हणतं की काही प्रसंगी माल वाचवताना समोरच्याचा जीव गेला तरी तो अधिकारातच धरला जाईल. जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी केलेली घरफोडी, राहतं घर किंवा माल ठेवायची जागा आग लावून वा स्फोटकानं उद्ध्वस्त करणं, आणि अशी चोरी वा घुसखोरी, जिच्यात आपण विरोध केला नाही तर आपला जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल अशी रास्त भीती वाटावी. बाकीच्या चोऱ्यांत, कलम ४२ नुसार, जीव घेणं सोडून इतर इजा करता येते. आणि कलम ३७ या सगळ्याला वेसण घालतं: बचावाला लागेल त्याहून अधिक इजा करायची नाही, आणि सरकारी यंत्रणेकडे दाद मागायला वेळ असेल तर हा अधिकार नाही.

हे गावात आणून पाहू. कोठ्याला कुलूप आहे, आत ट्रॅक्टरची बॅटरी, बियाणं, फवारणीचा पंप ठेवलाय. रात्री कोणी कुलूप तोडून आत शिरलं तर ती रात्रीची घरफोडी होते, कारण माल ठेवायची इमारतही कायद्याला घरासारखीच. पण ईको अंगणात लिंबाखाली उभी आहे आणि दोन पोरं खाली शिरून सायलेन्सर उतरवताहेत, ही साधी चोरी. तुम्ही काठी घेऊन धावू शकता, त्यांना पाडू शकता, बांधून ठेवू शकता, हातातला पाना हिसकताना दोन ठेवून देऊ शकता. त्यातल्या एकानं तोच पाना तुमच्या डोक्यावर उगारला तर त्या क्षणी ती जबरी चोरी झाली आणि तुमचा अधिकार जिवापर्यंत गेला. पाना टाकून, सायलेन्सर टाकून तो नाल्याकडे पळाला की अधिकार संपला. सायलेन्सर घेऊन पळाला तर कलम ४३ नुसार माल परत मिळेपर्यंत किंवा तो माल घेऊन निसटेपर्यंत पाठलाग करता येतो, पण जीव घेता येत नाही. यात न समजण्यासारखं काय आहे? धुऱ्यावरून आणि पाण्याच्या पाळीवरून पिढ्यान्‌पिढ्या फौजदाऱ्या लढवणाऱ्या आपल्या माणसांना एवढी गणितं तोंडपाठ असतात.

‘अंधारात कोण एवढं मोजत बसणार?’ हा पुढचा प्रश्न, आणि तो वाजवी आहे. न्यायालयांनीही तो वाजवी मानलाय. साठच्या दशकाच्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयासमोर जयदेव विरुद्ध पंजाब राज्य हा खटला आला होता. शेताच्या ताब्यावरून मारामारी, त्यात बंदुका. निकाल न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांचा. हल्ला अंगावर आलेल्या माणसाचं वागणं न्यायालयाच्या थंड खोलीत बसून तराजूत तोलू नये, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. पण त्याच निकालात हेही आहे की समोरचे पळू लागल्यावर धोका उरला नव्हता, आणि त्यानंतर चाललेल्या गोळ्यांना बचाव म्हणता येत नाही. म्हणजे अंधाराची, घाबरल्या जिवाची, घाईत जरा जोरात बसलेल्या काठीची सूट मिळते. पाठीत घातलेल्या कुऱ्हाडीची मिळत नाही.

आता समोरच्या पक्षाचं जे खरं आहे ते मान्य करायला हवं, आणि ते थोडंथोडकं नाही.

पहिली गोष्ट म्हणजे नुकसान. शहरातल्या माणसाला सायलेन्सर म्हणजे धूर सोडणारी नळी वाटते. ईकोवर शाळेची पोरं ने-आण करणारा, अडल्या वेळी बाळंतिणीला तालुक्याच्या दवाखान्यात नेणारा जो माणूस आहे, त्याच्यासाठी तो महिन्याचा हप्ता असतो. मूळ भाग बसवायला हजारोंचा खर्च, तोवर गाडी उभी. विमा बहुतेकांचा थर्ड पार्टीच असतो. त्यात चोरीचा एक पैसा मिळत नाही. सोयाबीनला भाव नाही, कापसावर बोंडअळी, आणि ऐन ओलिताच्या दिवसांत केबल कापून नेली तर हरभऱ्याचं जे व्हायचं ते चार दिवसांत होऊन जातं. ‘मालापेक्षा जीव मोठा’ हे वाक्य खरं असलं तरी पोट भरलेल्या माणसाच्या तोंडी ते फार लवकर येतं.

दुसरी गोष्ट पोलीस. ठाणं लांब, एका बीट जमादाराकडे वीस-पंचवीस गावं, रात्रीची एकच गाडी आणि ती नेमकी बंदोबस्ताला गेलेली. तक्रार द्यायला गेलं की ठाण्यात एफआयआरऐवजी साधा अर्ज घेऊन बोळवण होते. चोरीचा माल क्वचित सापडलाच तर तो सुपूर्तनाम्यावर, म्हणजे मागितला की हजर करीन असं लिहून देऊन, सोडवायला कोर्टाच्या इतक्या खेपा पडतात की माणूस म्हणतो, गेला तेच बरं होतं. आणि समजा तुमचा बचाव कायद्यात चपखल बसला, तरी आधी अटक, मग जामीन, मग वर्षानुवर्षं तारखा. बचाव होता हे दाखवायची जबाबदारीही आरोपीवरच. निर्दोष सुटेस्तोवर अर्धा एकर विकलेलं असतं.

तिसरी गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नाही, आणि ती या पक्षाच्या बाजूची आहे. नव्या संहितेच्या कलम ३०३ नुसार चोरीचा माल पाच हजारांहून कमी किमतीचा असेल, चोर पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्यानं माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा फक्त समाजसेवेची. असा गुन्हा अदखलपात्र. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर उपाशी पोरानं उचललेला पाव असावा. पण जुनी बॅटरी, पन्नास-साठ फूट केबल, पोतंभर नोझल, हेही पाच हजारांच्या आतच येतं. ठाण्यात ‘किंमत किती?’ हा प्रश्न आता पहिला येतो, आणि उत्तर ऐकून फाइल कुठं जाणार ते ठरतं. शेतातल्या चोरीसाठी ही तरतूद बदलायला हवी. त्याबाबत माझा या पक्षाशी काही वाद नाही.

हे सगळं मान्य केल्यावरही ‘म्हणून ठोकायची मुभा द्या’ हा निष्कर्ष निघतो का? निघत नाही. पोलीस येत नाहीत म्हणून मालकाला अडवायचा, पकडायचा, झटापट करायचा अधिकार हवा, हे तर्कानं येतं. आणि तो आहेच. उलट ठाणं लांब असणं कायद्याच्या नजरेत मालकाच्याच बाजूनं जातं, कारण दाद मागायला वेळ नव्हता हे त्यावरून दिसतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४० तर कुठल्याही खासगी माणसाला, त्याच्या डोळ्यांदेखत अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा करणाऱ्याला अटक करू देतं. अट इतकीच की सहा तासांच्या आत त्याला पोलिसांकडे द्यायचं. पण पकडलेल्या, हात बांधलेल्या, खांबाला टेकवलेल्या माणसाला मारायचं कारण पोलिसांच्या उशिरात कुठून सापडतं? माल तर वाचलेला असतो. त्यानंतरची प्रत्येक काठी शिक्षा असते, आणि शिक्षा ठरवायला लागणारी एक गोष्ट त्या रात्री कोणाकडेच नसते: पकडलेला माणूस खरोखर चोर आहे का, याची खात्री.

गाव रात्री दोनला काठ्या घेऊन उठतं, तेव्हा कोण सापडतं? अट्टल टोळी तर समृद्धीवर लागून दुसऱ्या जिल्ह्यात पोचलेली असते. सापडतो तो पायी जाणारा, वाट चुकलेला, भाषा वेगळी बोलणारा, गाठोडं घेऊन झोपलेला. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच भिक्षेकरी मुलं पळवणारे समजून ठेचून मारले गेले, आणि तेही ग्रामपंचायतीच्या कार्यालयात. १६ एप्रिल २०२० ला पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक चोर समजून मारले गेले. आठपैकी एकानंही काही चोरलं नव्हतं. आपल्याकडे हा प्रश्न आणखी टोकदार आहे, कारण वऱ्हाडात चोरी झाली की बोट आधी पारधी बेड्याकडे वळतं. १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. १९५२ मध्ये तो कायदा गेला, बोट मात्र तिथंच राहिलं. ज्या गावात संशयाची दिशा चोरीच्या आधीच ठरलेली आहे, तिथं जागेवर न्याय करायची मुभा द्यायची म्हणजे ती कोणाविरुद्ध वापरली जाईल हे आपल्याला ठाऊक नाही का?

आणि मारणाऱ्यांचंही पाहा. पाच किंवा अधिक माणसं समान उद्देशानं जमली की बेकायदेशीर जमाव होतो, आणि त्या उद्देशापायी जमावातल्या एकानं केलेल्या गुन्ह्याची जबाबदारी प्रत्येकावर येते. ‘म्या त फक्त उभा होतो’ हे कोर्टात फारसं चालत नाही. एका सायलेन्सरपायी दहा-बारा घरचे कर्ते तुरुंगात आणि पेरणी बायांवर, हा सौदा कोणाच्या फायद्याचा?

जिवंत तारेबद्दल तर आपल्याकडे कोणी बोलतच नाही. रानडुकरासाठी, रोह्यासाठी कुंपणाला थेट लाइनचा करंट सोडायची सवय होतीच; आता मोटारीभोवती, कोठ्याभोवतीही चोरासाठी तार ओढली जाते. हंगामात जीव जातात, आणि जाणारा चोर क्वचितच असतो. बहुधा शेजारचा शेतकरी, सालगडी, जागलीला निघालेला पोरगा, कधी स्वतः मालकच. चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य हा साठच्या दशकातलाच सर्वोच्च न्यायालयाचा निकाल नेमका याच गोष्टीवर आहे. शेजारची बाई आपला संडास वापरते म्हणून मालकानं वाटेवर उघडी तांब्याची तार लावून वीज सोडली, बाई मेली. मालकानं मालमत्तेच्या बचावाचा अधिकार पुढे केला. न्यायालयानं तो नाकारला: परवानगीशिवाय पाऊल टाकणारा माणूस कोणीही मारावा असा होत नाही. अमेरिकेत आयोवा राज्यात एका शेतकरी जोडप्याच्या पडक्या घरात वारंवार चोऱ्या व्हायच्या. त्यांनी कंटाळून खोलीत दार उघडताच सुटेल अशी बंदूक बांधली. जुन्या बाटल्या उचलायला आलेल्या माणसाच्या पायाचा चुराडा झाला. तो माणूस चोरीला आला होता हे त्यानं स्वतः कबूल केलं, तरी १९७१ मध्ये तिथल्या न्यायालयानं शेतकऱ्याला तीस हजार डॉलरची भरपाई द्यायला लावलेला निकाल कायम केला, आणि ती द्यायला जोडप्याची जमीन विकली गेली. तिथंही लोक चिडले, ‘चोराला भरपाई!’ म्हणून. त्या चिडण्यात तथ्य आहे असं मलाही वाटतं. पण काठी घेतलेला मालक समोरचं माणूस पाहून थांबू शकतो. तार थांबत नाही. बैल सोडवायला आलेलं पोर आणि बॅटरी काढायला आलेला चोर तिला सारखेच.

उरतो तो दराऱ्याचा मुद्दा: एक ठोकला की दहा सुधारतात. हे वाक्य इतक्या आत्मविश्वासानं बोललं जातं की कोणी पुरावा मागत नाही. अठराव्या शतकात इंग्लंडनं हा प्रयोग पुरता करून पाहिला. दोनशेच्या आसपास गुन्ह्यांना फाशी, त्यात दुकानातून पाच शिलिंगांचा माल उचलणं आणि खिसा कापणंही आलं. झालं काय? चोरट्याला फास बसू नये म्हणून ज्युरी मालाची किंमत मुद्दाम कमी लावू लागले, फिर्यादी पुढे येईनात, आणि शेवटी शिक्षा होण्याची शक्यताच घटली. १८०८ मध्ये खिसेकापूंची फाशी रद्द झाली. पंधरा-अठरा वर्षांचं पोर रात्री गाडीखाली शिरतं, तेव्हा पकडलो तर काय होईल याचा हिशेब त्यानं केलेला नसतो. पकडलो जाणार नाही, एवढाच केलेला असतो. त्याला धाक बसतो तो पकडलं जाण्याचा आणि माल न खपण्याचा.

आणि माल खपतो कुठं? सायलेन्सरचंच पाहू. त्यात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, त्यातल्या जाळीदार चिनीमातीवर प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम या धातूंचा पातळ थर. धंद्यातले लोक तिला नुसतं ‘माती’ म्हणतात. २०२० च्या एप्रिलपासून गाड्यांच्या धुरासाठी बीएस-६ हे कडक निकष आले, पाठोपाठ २०२१ मध्ये ऱ्होडियम सोन्याच्या अनेक पट महाग झाला, आणि जमिनीपासून उंच असलेली, जॅक न लावता खाली शिरता येणारी ईको चोरांची लाडकी झाली. आता मला सांगा, तालुक्याच्या बाजारातला भंगारवाला, किंवा नाल्यापलीकडचं कोणतंही पोर, त्या मातीतून प्लॅटिनम काढू शकतं का? त्याला भट्टी लागते, रसायनं लागतात, जाणकार लागतो. म्हणजे माल वर सरकत जातो: पोरगा, कबाडी, जिल्ह्याचा व्यापारी, मग कुठल्या तरी मोठ्या शहरातला गाळणारा. खालच्या टोकाला चोर शेकड्यांनी आणि रोज नवे. वर जावं तसे हात कमी होत जातात. शेकडो चोरांच्या मागे रात्री काठ्या घेऊन पळायचं, की दिवसाढवळ्या उघड्या दुकानात बसलेल्या चार माणसांचा हिशेब तपासायचा? केबलमधलं तांबं, बॅटरीतलं शिसं यांचंही तेच. जाळलेल्या केबलचं तांबं किलोवर घेणाऱ्याला ते कुठून आलं हे कळत नसेल यावर माझा विश्वास नाही.

कायदा इथंही तयारच आहे, आणि गंमत म्हणजे तो चोरापेक्षा घेणाऱ्यावर कडक आहे. साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा. पण चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं मानायला कारण असून, अशा मालाचा सराईतपणे व्यवहार करणाऱ्याला कलम ३१७(४) नुसार जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद. हे कलम नवं नाही. जुन्या संहितेत ते ४१३ होतं. गावातल्या वादात ‘चोराला फाशी द्या’ शंभर वेळा ऐकू येतं. या कलमाचं नाव मी तरी तिथं कधी ऐकलेलं नाही.

आपल्याच मुलखाला ही रीत एके काळी ठाऊक होती. एल्फिन्स्टन १८०४ ते १८०८ नागपूरच्या भोसल्यांच्या दरबारी रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचा वकील, होता. पुढे पेशवाई बुडाल्यावर त्यानं जिंकलेल्या मुलखावर जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या जागल्याचं काम सांगितलंय. चोरी झाली की जागल्यानं माग काढायचा. माग शेजारच्या गावाच्या शिवेत शिरला की जबाबदारी त्या गावाच्या जागल्यावर, तिथून पुढच्यावर. जिथं माग थांबेल त्यानं आणि त्याच्या गावानं भरपाई द्यायची. तो काळ गोड नव्हता. जागलकी महार-रामोश्यांवर लादलेली होती आणि भरपाईचा बोजाही शेवटी सगळ्यांत दुबळ्यावरच पडत असणार. ती व्यवस्था परत आणा असं कोणी म्हणू नये. पण तिच्या पोटातला विचार पक्का होता: मालाच्या मागावर चला, आणि माग जिथं थांबेल तिथं कोणालातरी जबाब द्यायला लावा. आज माग तालुक्याच्या भंगार दुकानात थांबतो आणि तिथं कोणी जबाब मागत नाही.

इंग्लंड आणि वेल्समध्ये रेल्वेची, चर्चच्या छपरांची तांबं-शिशाची चोरी माजली, तेव्हा त्यांनी २०१२ च्या डिसेंबरपासून भंगाराची रोखीनं खरेदी बंद केली, आणि २०१३ च्या कायद्यानं परवाना आणि विकणाऱ्याची ओळख नोंदवणं सक्तीचं केलं. धातूंच्या चोऱ्या पुढच्या काळात बऱ्याच उतरल्या. त्याच सुमारास धातूंचे भावही उतरले होते, तेव्हा सगळं श्रेय कायद्याला देता येणार नाही. तरीही भंगार हा असा धंदा आहे की नाव-गाव न विचारता रोख मोजून मिळणं हाच त्यातल्या चोरट्याचा सगळा फायदा. तोच काढून घेतला तर रात्री गाडीखाली शिरायचं कशासाठी?

यावर एक आक्षेप येतो: ‘पोलीस कबाड्याकडून हप्ता घेतात, ते काय करणार?’ असेल तसंही. पण मग तुमची मागणी काय होते बघा. पोलिसांना दिवसाच्या उजेडात, नोंदवहीसमोर जाब विचारायला आपण घाबरतो, म्हणून रात्रीच्या अंधारात अनोळखी पोराला मारायची मुभा द्या! जिथं आपलं चालेल अशी खात्री आहे तिथंच शौर्य दाखवायचं, याला धमक म्हणावं का, हे मेकॉलेलाच विचारायला हवं.

करण्यासारखं बरंच आहे, आणि त्यातलं पुष्कळसं गावाच्या हातात आहे. सायलेन्सरवर, बॅटरीच्या खोक्यावर, मोटारीच्या बॉडीवर गाडीचा किंवा आपला नंबर कोरून घेतला, तर सापडलेला माल कोणाचा हा प्रश्नच उरत नाही. ग्रामसुरक्षा दलाची तरतूद महाराष्ट्र पोलीस कायद्यात आहे. गस्त घालायची तर पोलीस पाटलाच्या नोंदीनं घाला, म्हणजे तोच घोळका जमाव ठरणार नाही. चोरी दखलपात्र असेल तर एफआयआर घेणं पोलिसांना बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०१३ मध्ये ललिताकुमारी खटल्यात सांगितलं. आणि प्रवासी वा मालवाहू वाहनातल्या वस्तूची चोरी कलम ३०५ मध्ये सात वर्षांपर्यंत शिक्षेची आहे; शाळेच्या ईकोचा सायलेन्सर गेला तर ‘पाच हजारांच्या आतलं’ म्हणू पाहणाऱ्या ठाणेदारासमोर याच कलमाचा आग्रह धरावा. एफआयआर झाली की नव्वद दिवसांत तपास कुठवर आला हे फिर्यादीला कळवणंही आता पोलिसांवर बंधनकारक आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०७ नुसार गुन्ह्यातून कमावलेली मालमत्ता जप्त करून जिल्हाधिकाऱ्यामार्फत पीडितांना वाटता येते. कबाड्याचा गोडाऊन त्यात आला, तर चोरी झालेल्या घराला निदान काही परत मिळेल. चोराचे हात-पाय मोडून आजवर कोणाला केबल परत मिळालेली नाही.

पोळ्याच्या आधी ठाण्यात शांतता समितीची बैठक होतेच. सरपंच, पोलीस पाटील, पत्रकार, सगळे जमतात, चहा-बिस्किटं होतात, ठाणेदार डीजेच्या आवाजावर बोलतात. यंदा तिथं कोणीतरी उभं राहून एवढंच विचारावं: गेल्या वर्षभरात या ठाण्याच्या हद्दीत किती भंगार दुकानांच्या नोंदवह्या तपासल्या, आणि कलम ३१७(४) खाली किती गुन्हे दाखल झाले? आकडा शून्य असेल तर तो सगळ्यांसमोर, पत्रकारांच्या वहीत उतरेल इतक्या मोठ्यानं सांगायला लावावा.